कामाच्या वेळी फोन कुठे ठेवायचा?

यंदाच्या मे महिन्यात मी तीन आठवडे डभोईला होते. वडोदऱ्यापासून तीसेक किलोमीटरवरचं हे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते भेटतं १७३१ च्या लढाईमुळे, बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यातल्या. आमच्या घरात मात्र डभोई म्हणजे रेल्वे. आजोबा नॅरोगेजवर नोकरीला होते, रिटायर झाल्यावर आत्याकडे तिथेच राहिले. आत्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, गावातल्या एका बियाणं-खताच्या दुकानात हिशेब बघतो. पावसाआधी तिथे कपाशीच्या बियाण्यासाठी झुंबड असते. स्टॉकच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला माणूस हवा होता, मी सुट्टीत मोकळी होते, म्हणून गेले.

पहिल्याच दिवशी काउंटरमागे एक ताजा कागद चिकटवलेला दिसला. कामाच्या वेळेत मोबाईल वापरायचा नाही, सापडल्यास शंभर रुपये दंड, असं गुजरातीत लिहिलेलं. त्याखाली बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. सकाळी आल्यावर फोन डब्यात टाकायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. पाच कामगार आणि सहावी मी. शेठचा फोन अर्थातच शेठच्या हातात.

शेठचं काही अगदीच चुकत होतं असं नाही. आदल्या आठवड्यात रील बघता बघता एका मुलाने एका कंपनीच्या बियाण्याऐवजी दुसरीचीच पाकिटं बांधून दिली होती. शेतकरी घरी पोचून परत आला, चार माणसांसमोर बोलला. कपाशीची वेळ एकदा चुकली की वर्ष जातं, त्यामुळे त्याचा राग खराच होता. मला तर तो डबा बघून आधी बरंच वाटलं. निदान इथे तरी लोक माणसाकडे बघून बोलतील!

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा वाजायला लागला. पत्र्याच्या डब्यात फोन व्हायब्रेट झाला की केवढा आवाज होतो, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, पण हात कुणी लावला नाही. तासाभराने कळलं, खताचा टेम्पो तिलकवाड्याच्या रस्त्यावर बंद पडला होता. ड्रायव्हर दुकानातल्या मुलाला व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवत होता, फोन करत होता. शेठ सगळ्यांवर ओरडले, "फोन वाजत होता तर बघितला का नाही?"

दोन दिवसांनी त्याच मुलाने टेम्पो कुठवर आला ते बघायला डब्यातून फोन काढला, तर त्याला शंभर रुपये दंड झाला. आणि त्याच रात्री पावणेअकराला दुकानाच्या ग्रुपवर शेठचा मेसेज आला, उद्याच्या मालाची यादी. ज्याने अंगठा दाखवला नाही, त्याला सकाळी बोलणी बसली.

आपल्यापैकी बरेच जण वर्षा-दोन वर्षांत नोकरीला लागतील. असा कागद प्रत्येकाला कुठे ना कुठे भेटणार आहे. काही जणांवर तर पुढे तो लिहायची वेळ येईल. म्हणून या विषयाचं जरा नीट बघावं असं वाटलं. कामाच्या वेळेत सोशल मीडिया बंद करायचा म्हणजे नक्की काय थांबवायचं, आणि ते कसं थांबतं?

आधी लोक काय करायचे?

फोन आले आणि कामं बुडाली, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. टंगळमंगळ, चालढकल, चकाट्या पिटणं, वेळ मारून नेणं हे सगळे शब्द मराठीत मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहेत. ऑफिसात पूर्वी शब्दकोडी सुटायची, स्वेटर विणले जायचे, क्रिकेटची मॅच असली की ट्रान्झिस्टर यायचा. चहाची टपरी तर आजही आहे.

आणखी मागे गेलं तर चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी राहत होता. साधूंना सतावणाऱ्या वाईट विचारांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. त्यातल्या एकाचं नाव अॅसिडिया. मराठीत आळस म्हणता येईल, पण तेवढंच नाही. मन एका जागी न ठरणं, हातातल्या कामाचा वीट येणं, असं काहीतरी. त्याने केलेलं वर्णन वाचताना मला हसूच आलं. सकाळी दहाच्या सुमाराला हा विचार साधूला गाठतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येतो, जेवायची वेळ किती लांब आहे ते बघायला सूर्याकडे डोळे लावतो, मग कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे बघतो. कुणी आलंय का? काही आलंय का? आपणही दर पाच मिनिटांनी हेच बघत असतो. फक्त आपली खिडकी खिशात मावते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातलं अठ्ठेचाळिसावं प्रकरण रोजच्या कामाबद्दल आहे. कामाचे तास कुठले, वाचनाचे कुठले, हे ऋतूप्रमाणे ठरवून दिलं आहे. वाचनाच्या तासांना एक-दोन ज्येष्ठ बंधूंनी मठात फेरी मारायची, कुणी वाचायचं सोडून गप्पा मारत बसलाय का, दुसऱ्यालाही बिघडवतोय का, ते बघायचं. सापडला तर एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगायचं, तरी ऐकलं नाही तर मग शिक्षा. म्हणजे सुपरवायझर हा प्राणी किमान दीड हजार वर्षं जुना आहे!

पण त्याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी आहेत. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांनी आडवं व्हायचं, ज्याला वाचायचं असेल त्याने दुसऱ्याला त्रास न होता वाचायचं. आणि दुबळ्यांचा विचार करून सगळं बेताने करायचं. विश्रांतीही नियमातच लिहिलेली. बेनेडिक्टने नुसती बंदी घातली नाही, दिवस आखून दिला. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

मग फोनचं वेगळं काय?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे टपरीवरचा चहा संपतो, शब्दकोडं सुटतं, मॅच संपते. रील संपत नाही. खाली सरकवत राहिलं की पान वाढतच जातं, ही इन्फिनिट स्क्रोलची सोय २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने बनवली. नंतर त्यानेच तिच्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. पूर्वी पान संपलं की क्षणभर थांबावं लागायचं आणि त्या क्षणात, अरे, काम राहिलंय, हे आठवायचं. तो क्षणच काढून टाकला गेला. त्यामुळे "जरा दोन मिनिटं बघतो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच दोनच मिनिटं बघायचं असतं.

दुसरी गोष्ट मनाची. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये एक कल्पना मांडली. आपण एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामावर उरतो. भांड्यात आधीच्या भाजीची चव राहावी तसं. म्हणजे फोन खाली ठेवला की मोजायची वेळ संपत नाही. फोन बाजूला असतो आणि डोकं अजून मैत्रिणीच्या स्टेटसवर असतं. बियाण्याची पाकिटं बदलतात ती अशी.

कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मध्ये मध्ये अडवलं तर काम खूप लांबत असेल असं आपल्याला वाटतं. प्रयोगात उलटं दिसलं. अडवलेल्या लोकांनी काम जरा लवकरच संपवलं, दर्जाही बिघडला नाही. पण त्यांचा ताण, चिडचिड आणि घाई वाढलेली होती. गेलेला वेळ भरून काढायला ते पळत होते. हे वाचल्यावर मला परीक्षेच्या आदल्या रात्री आठवल्या. काम होतं हो, पण आपली दमछाक होते, आणि मालकाच्या वहीत त्याची नोंद कुठेच नसते.

काही कामांत मात्र ताणावर भागत नाही. आजोबांशी या विषयावर बोलले तेव्हा ते म्हणाले, "दुकानाचं सोड, गाडीचं बघ." १२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियातच चॅट्सवर्थ इथे एक लोकल गाडी लाल सिग्नल ओलांडून समोरच्या मालगाडीवर आदळली. २५ माणसं गेली. चौकशीत निघालं की चालक ड्यूटीवर टेक्स्ट मेसेज पाठवत होता, शेवटचा मेसेज टकरीच्या २२ सेकंद आधीचा होता. त्यानंतर तिथे चालकांच्या मोबाईलवर कडक बंदी आली, आणि त्याबद्दल कुणी वाद घालू नये. डभोईच्या आजोबांना हे पटवायची गरज नव्हती. डभोई ते मियागाम ही रेल्वे १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा गाडीला बैल जोडलेले असायचे, इंजिन नंतर १८७३ मध्ये आलं. "बैल तरी समोर बघत चालायचे," इतकंच आजोबा म्हणाले.

तीन वेगळे प्रश्न, एकच कागद

इथे एक गफलत होते, ती सोडवायला हवी. "कामावर सोशल मीडिया नको" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न असतात.

एक, सुरक्षितता. गाडी चालवणं, मशीन चालवणं, ऑपरेशन थिएटर. इथे फोन दूरच हवा, चर्चा नाही.

दोन, काय पोस्ट केलं. २०१९ च्या जुलैमध्ये मेहसाणा जिल्ह्यात लांघणज पोलीस ठाण्यातल्या लॉकअपसमोर नाचून टिकटॉक व्हिडिओ केला म्हणून एका महिला पोलिसाला निलंबित केलं होतं, ते आठवत असेल. तिथे आक्षेप किती मिनिटं गेली यावर नव्हता, ठाण्याच्या जागेवर आणि प्रतिमेवर होता. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचे नियम काढले, तेही बरेचसे याच प्रकारातले. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, खासगी खात्यावरच्या रील्समध्ये शासकीय बोधचिन्ह, गणवेश, गाडी दाखवू नका, शासनाच्या धोरणांवर टीका करू नका. यातल्या शेवटच्या नियमावर वाद होऊ शकतो, पण तो अभिव्यक्तीचा वाद आहे, वेळेचा नाही.

तीन, वेळ आणि लक्ष. आपला विषय हा. आणि हाच सगळ्यात अवघड, कारण इथे फोन शत्रूही आहे आणि अवजारही.

तिन्ही प्रश्न एकत्र केले की काय होतं? दुकानातल्या मुलाला रेल्वेच्या चालकाचा नियम लागतो. आणि मग टेम्पो तिलकवाड्याला अडकतो.

२०२१ चे दोन महिने

या गुंत्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला महाराष्ट्रात सापडलं. २३ जुलै २०२१ ला राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कार्यालयांतल्या मोबाईल वापराबद्दल सूचना काढल्या. शासनाच्या मराठीत मोबाईलला भ्रमणध्वनी म्हणतात. कामासाठी शक्यतो कार्यालयातला लँडलाइन फोन वापरा. मोबाईल वापरावाच लागला तर जमेल तिथे टेक्स्ट मेसेज करा, बोलणं थोडक्यात आणि हळू आवाजात करा. सोशल मीडियाचा वापर मर्यादित ठेवा. खासगी कॉल कक्षाबाहेर जाऊन घ्या. बैठकीत फोन सायलेंटवर ठेवा. पण लोकप्रतिनिधींचा आणि वरिष्ठांचा फोन आला तर विनाविलंब घ्या.

एक गोष्ट कबूल करते. आधी मी या सूचनांना हसायच्या तयारीत होते, पण नीट वाचल्यावर त्या बऱ्याच समंजस वाटल्या. बंदी नाही, मर्यादा आहे. खासगी कॉलला जागा ठेवली आहे, फक्त बाहेर जा म्हटलंय. तहसीलमध्ये दाखल्यासाठी तास तास उभं राहिलेल्या आणि खिडकीपलीकडे साहेबांचा फोन संपायची वाट बघितलेल्या कुणालाही त्या हव्याशाच वाटतील. पुढच्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयानेही सरकारी कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत खासगी कामासाठी मोबाईल वापरू नये, त्यासाठी नियम करा, असं तमिळनाडू सरकारला सांगितलं.

खटकतं ते शेवटचं वाक्य. रांगेतला माणूस थांबू शकतो, वरिष्ठांचा फोन नाही.

आणि मग आला ऑगस्ट २०२१. त्याच महाराष्ट्रात हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारला परत केले. मुलांचं वजन, उंची, पोषण आहार यांच्या नोंदी त्यांनी फोनवर भरायच्या होत्या. पण फोन जुने झालेले, कमी क्षमतेचे, तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर यायचा. पोषण ट्रॅकर हे अॅप इंग्रजीत, मराठीत नाही. ज्या सेविकेने वर्षानुवर्षं सुंदर अक्षरात मराठी रजिस्टर भरलं, तिला अचानक आपल्याच कामात निरक्षर असल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून फोन परत.

जुलैमध्ये एका विभागाने सांगितलं की मोबाईल कमी वापरा. ऑगस्टमध्ये गावोगावच्या बाया म्हणत होत्या की आमच्यावर लादलेला मोबाईल घ्या परत. दोन्ही एकाच सरकारच्या छपराखाली. यात विरोधाभास शोधून टाळ्या घ्यायच्या नाहीत मला. मंत्रालयातला कारकून आणि पाड्यावरची सेविका यांची कामं वेगळी आहेत हे कळतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. फोन कधी हातात धरायचा आणि कधी ठेवायचा, हे ठरवताना फोन धरणाऱ्याला विचारलेलं नव्हतं. डभोईच्या डब्याचंही तेच झालं.

नजर किती ठेवायची?

कागद चिकटवून भागलं नाही की पुढची पायरी म्हणजे पाळत. कॅमेरे, कॉम्प्युटरवर कोणती साइट उघडली त्याची यादी, स्क्रीनचे फोटो काढणारी सॉफ्टवेअर्स. ऑफिसच्या यंत्रांवर मालकाचा हक्क असतो, हे खरं. पण तो किती?

युरोपातला एक खटला इथे समजून घेण्यासारखा आहे. रोमानियातल्या एका कंपनीत बोगदान बार्बुलेस्कू नावाचे इंजिनिअर विक्रीचं काम बघायचे. ग्राहकांना उत्तरं देण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी याहू मेसेंजरचं खातं उघडलं. त्यावरून ते भावाशी आणि होणाऱ्या बायकोशीही बोलले. खासगी वापराला कंपनीत बंदी होती. कंपनीने त्यांचे संदेश नोंदवले, ४५ पानं छापून समोर ठेवली आणि २००७ मध्ये त्यांना काढून टाकलं. प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. ५ सप्टेंबर २०१७ ला मोठ्या खंडपीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

न्यायालयाने असं म्हटलं नाही की कामावर वाटेल तेवढं चॅट करा. म्हणणं असं होतं, की नियम असला तरी कामाच्या जागी माणसाचं खासगी आयुष्य शून्यावर आणता येत नाही. पाळत ठेवायची तर आधी सांगायला हवं, किती आणि कशावर ते सांगायला हवं, कारण हवं, आणि कमी घुसखोरीचा दुसरा मार्ग नव्हता का, तेही तपासायला हवं. आपल्याकडे हा निकाल लागू नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं, हे लक्षात ठेवू.

आपल्या धर्मशिक्षणाच्या तासाला संत पौलाची पत्रं वाचली असतील, तर कलस्सैकरांस पत्रातला एक मुद्दा आठवेल. धनी बघतोय म्हणून नव्हे, मनापासून काम करा, असं तो सांगतो. हा मुद्दा मालक लोकांना फार आवडतो. पण ते शब्द गुलामांना उद्देशून लिहिलेले आहेत, त्यामुळे आजच्या नोकरदाराला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि लावायचेच असतील तर लगेच पुढे तो धन्यांनाही सांगतो, की तुम्हीही न्यायाने वागा, तुमच्या वरही एक धनी आहे. तो अर्धा भाग भिंतीवरच्या कागदांवर कधी दिसत नाही.

मग काय केलं तर जमतं?

दुसऱ्या आठवड्यात तो दंड भरलेला मुलगा दुकान सोडून गेला. वडोदऱ्यात पार्सल पोचवायच्या कामाला लागला म्हणे. तिथे फोन हाच त्याचा शेठ, मिनिटं मोजणारा. ऐन हंगामात हुशार मुलगा गेल्यावर शेठचं डोकं जरा थंड झालं. दादाने आणि मी एका वहीच्या पानावर चार गोष्टी लिहून त्यांच्यापुढे ठेवल्या.

पहिली, दुकानाचा वेगळा फोन. ड्रायव्हर, कंपनीचे लोक, शेतकरी, सगळ्यांचं व्हॉट्सअॅप त्या एका नंबरवर. काउंटरवर जो असेल तो बघेल. म्हणजे कामासाठी कुणाला स्वतःचा फोन उघडावा लागणार नाही. स्वतःचा फोन कामासाठी उघडला की शेजारीच इन्स्टाग्राम असतं, आणि मग कोण सुटलंय?

दुसरी, घरच्यांना तो नंबर द्यायचा. पोरगं आजारी आहे, आई पडली, असं काही असलं तर दुकानाच्या फोनवर कळेल. डब्यातला फोन वाजला की जो जीव वर-खाली होतो, तो कशाला होतो? मीम चुकलं म्हणून नाही. घरचं काही असेल, या भीतीने.

तिसरी, ठरलेल्या सुट्ट्या. सकाळी सव्वाअकराला आणि दुपारी चारला दहा-दहा मिनिटं, डबा उघडा. वाट बघायची वेळ माहीत असली की वाट बघणं सोपं जातं. ही बेनेडिक्टचीच आयडिया, शेठना मी तसं सांगितलं नाही इतकंच.

चौथी, रात्री आठनंतर ग्रुपवर कामाचा मेसेज नाही. अगदीच अडलं तर फोन करा. दिवसाचे तास दुकानाचे असतील तर रात्रीचे माणसाचे असायला हवेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं, त्याचा कायदा झालेला नाही.

शेठनी पहिल्या तीन मान्य केल्या. दंडाची ओळही पेनाने खोडली. चौथीवर म्हणाले, "हंगामात रात्र कसली नि दिवस कसला?" तेही त्यांच्या जागी खोटं नव्हतं. दादा म्हणतो, हंगाम संपला की परत विचारू.

एक गोष्ट मात्र आम्ही कागदावर लिहिली नव्हती आणि तिनेच जास्त फरक पडला. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी शेठनी स्वतःचा खासगी फोन डब्यात टाकला आणि दुकानाचा फोन हातात घेतला. कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवशी आमचे फोन डब्यात टाकताना कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आणि मी?

लेख लिहायचा म्हणून मी स्वतःवर एक प्रयोग केला. फोन डब्यात असताना ज्या ज्या वेळी फोन बघावासा वाटला, त्या वेळी पाठकोऱ्या बिलावर एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सत्तावीस रेघा झाल्या. मला कुणाचाही मेसेज यायचा नव्हता. बहुतेक रेघा एका विशिष्ट वेळी पडल्या होत्या, कॉम्प्युटरवर एक पान संपून दुसरं उघडायच्या मधल्या काही सेकंदांत. म्हणजे फोन मला बोलवत नव्हता. काम जरा कंटाळवाणं झालं की मीच त्याच्याकडे पळत होते. एव्हाग्रियसचा साधू आणि मी, फरक कपड्यांचाच.

तिसऱ्या आठवड्यात रेघा नऊवर आल्या. याचं श्रेय माझ्या मनोनिग्रहाला देता येणार नाही. चारला डबा उघडणार हे माहीत होतं, आणि घरी आईकडे दुकानाचा नंबर होता. मध्ये काही सुटतंय ही भीती गेली, तसं काउंटरपलीकडचं जास्त दिसायला लागलं. एक म्हातारे शेतकरी रोज यायचे, भाव विचारायचे आणि काही न घेता जायचे. आधी मला वाटायचं उगाच वेळ खातात. एका दुपारी त्यांनी सांगितलं की पावसाचा अंदाज पक्का झाल्याशिवाय ते पैसे अडकवत नाहीत, मागच्या वेळी पेरणी दोनदा करावी लागली होती. पाच मिनिटांचं बोलणं. फोन हातात असता तर मी मान हलवून "हो हो" म्हटलं असतं आणि काहीच ऐकलं नसतं.

तर उद्या नोकरीच्या पहिल्या दिवशी असा कागद दिसला तर लगेच चिडू नका. आधी दोन प्रश्न विचारा. कामाचे मेसेज कुठल्या फोनवर येणार? घरचं काही अडलं तर मला कसं कळणार? यांची उत्तरं मिळाली तर फोन खुशाल डब्यात टाका, त्यात तुमचंही भलं आहे. आणि कधी कागद लिहायची वेळ आपल्यावर आली, तर पहिला फोन आपला टाकायचा.